खुर्ची 450 रुपयांची

मंडळाची वही : संगीत मंडळं, गायनवर्ग, भजनी मंडळं चालवणाऱ्यांच्या पैशांच्या प्रश्नांना उत्तरं

बँकेत मी 31 वर्षं काढली आणि आमच्या मंडळाची खजिनदार म्हणून 22. दुसरी नोकरी बिनपगारी, पण झोप तिनंच जास्त उडवली. गेल्या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. नावं गाळली आहेत, कारण दोन पत्रांत अध्यक्षांविषयी जे लिहिलंय ते अध्यक्षांनी वाचलं तर पुढची सभा व्हायची नाही.

*

ताई, आम्ही नऊ वर्षं दर दोन महिन्यांनी शास्त्रीय गायनाची मैफल करतो, प्रवेश सर्वांना मोफत. सगळा खर्च गावातले एक कारखानदार करायचे. यंदा कारभार मुलांकडे गेला आणि त्यांनी हात आखडता घेतला. तिकीट लावायचा विषय काढला तर समितीतले ज्येष्ठ म्हणतात, "गाणं विकायला बसलात का?" काय करावं?
— निवृत्त शिक्षक, सोलापूर जिल्हा

सर, त्या ज्येष्ठांना विचारा, नऊ वर्षं गाणं विकत कोण घेत होतं? एक माणूस घेत होता आणि बाकीच्यांना वाटत होता. त्याचं भलं होवो, पण एका खांबावरचा मांडव खांब हलला की जातोच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते कुणा राजाच्या खजिन्यावर नव्हे. लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या कमाईवर काढलं. गाणं दरबारात नाही तर देवळात, असा तो काळ; तरी पैसे घेऊन जाहीर मैफल करायला ते बिचकले नाहीत. तेव्हा त्या परंपरेत बसायला आपल्याला लाज वाटायचं कारण नाही.

पण तिकीट किती, हे ठरवायच्या आधी खर्च मांडा. आमच्या वहीतलं एका मैफलीचं पान जसंच्या तसं देते. मुख्य गायिकेचं मानधन 40,000. तबला 10,000, हार्मोनियम 10,000. तानपुऱ्यावर दोन मुली, प्रत्येकी 1,500. शाळेचा हॉल 6,000, साउंडवाला 9,000. पुण्याहून गाडी, जाऊन-येऊन, 7,500. लॉजच्या दोन खोल्या 4,000, जेवणखाण 3,500. फ्लेक्स आणि पत्रिका 2,500, शाल-श्रीफळ-फुलं 1,500, मध्यंतराचा चहा 2,000. झाले 99,000. हॉलमध्ये खुर्च्या 220. भागाकार केला की एका खुर्चीचे 450 रुपये.

हा आकडा मी दर वर्षी पहिल्या सभेत फळ्यावर लिहिते आणि सभा संपेपर्यंत पुसू देत नाही. "चार लोक फुकट आले तर काय बिघडलं" असं कुणी म्हणालं की सगळे फळ्याकडे बघतात. अठराशे रुपये बिघडलं.

आता जमा. आमचे वार्षिक सभासद 140, वर्गणी पाच मैफलींची 1,500, म्हणजे एका मैफलीला 42,000. दारावर 300 रुपयांची साधारण 35 तिकिटं जातात, 10,500. विद्यार्थ्यांना 50 रुपये, ते तीसेक येतात, 1,500. उरलेल्या 15 खुर्च्यांवर जुने आजीव सभासद आणि कलाकारांचे पाहुणे. एकूण 54,000. थोडक्यात, हॉल भरलेला असतानाही दर मैफलीला 45,000ची तूट. वर्षाची सव्वादोन लाख, त्यात ऑडिट, टपाल, तानपुऱ्यांच्या तारा-जवारी, कपाटाचं भाडं असे वरखर्चाचे 60,000 धरले की 2,85,000.

हे मुद्दाम लिहिलं. तिकीट लावलं म्हणजे खर्च निघाला, असं कुणी समजू नये. तिकिटानं खर्च निघत नाही, सवय लागते. पैसे मोजून आलेला माणूस पहिल्या ख्यालाला उठून जात नाही, हा त्यातला दुसरा फायदा.

तूट भरते ती अशी. कायम निधीच्या (मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचं) 18 लाखांवर 7 टक्क्यांनी 1,26,000 व्याज. दोन स्मृती मैफली, प्रत्येकी 50,000. वार्षिक अंकाच्या जाहिराती 40,000. राहिलेले 19,000 दर वर्षी कुठून येतात ते मलाही मार्च उजाडेपर्यंत ठाऊक नसतं. एकदा दिवाळी पहाटच्या पेटीत आले, एकदा चिटणिसांनी मुलीच्या लग्नाच्या आहेरातून दिले.

स्मृती मैफलीचं जरा सांगते, कारण लहान गावाला हे सगळ्यात जमतं. एखाद्या घरानं आईच्या किंवा वडिलांच्या नावानं एका मैफलीचा अर्धा भार उचलायचा. मंचाच्या कडेला फोटो, पत्रिकेवर एक ओळ. पहिल्या वर्षी आम्ही घरच्यांनी किती बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मुलगा आईविषयी पंचवीस मिनिटं बोलला. दिव्यांच्या उष्णतेनं लावून ठेवलेले तानपुरे उतरले आणि बुवांचा चेहराही. तेव्हापासून आमच्या पत्रातच असतं, "मनोगत : दोन मिनिटं."

दर ठरवताना पायऱ्या ठेवा. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीचं तिकीट खुर्चीपेक्षा कितीतरी स्वस्त असतं. ज्याला सतरंजी चालते त्याला गाणं परवडतं. तुमच्या हॉलमध्ये पुढं सतरंजी टाकता आली तर टाका. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. आणि सेवांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्या मंडळानं जीएसटीच्या नावानं घाबरून जायचं कारणच नाही.

एक गोष्ट मात्र सीएसमोर बसून बोला. आपण लोकोपयोगी कार्याच्या सदरात करमाफी घेत असू तर व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या 20 टक्क्यांवर गेलेली चालत नाही. आमचं तिकीट आणि जाहिरात मिळून वर्षाला एक लाख, साडेपाच लाखांच्या जमेत अठरा टक्के. म्हणून जाहिरात वाढवा असं कुणी सुचवलं की मी विषय बदलते आणि देणगी वाढवा म्हणते.

*

आमच्याकडे 80जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी नोंदणी) आहे. एका गृहस्थांनी 5,001 रुपये रोख दिले, आता ते सवलतीची पावती मागतात.
— खजिनदार, लातूर

मिळणार नाही. रोख 2,000च्या वर असेल तर देणाऱ्याला वजावट नाही. पैसे घ्या, साधी पावती द्या, आणि हे तोंडावर सांगा. पुढच्या वेळी चेक किंवा यूपीआय. देणगीदारांचं विवरणपत्र 31 मेपर्यंत प्राप्तिकर खात्याकडे ऑनलाइन भरायचं आणि तिथून निघालेलं प्रमाणपत्रच त्यांना द्यायचं. आपल्या पावतीपुस्तकावर आता भागत नाही. तेव्हा पॅन त्याच दिवशी लिहून घ्या. मे महिन्यात फोन करून पॅन मागितला की लोकांना तो सायबर गुन्हा वाटतो.

एक मात्र ध्यानात घ्या. नव्या कररचनेत 80जीची वजावट नाही आणि बहुतेक पगारदार आता तिथेच आहेत. "करात सूट मिळेल" म्हणून देणगी मागायचे दिवस सरत आले. गाण्यासाठी मागा. (2025चा नवा प्राप्तिकर कायदा 1 एप्रिल 2026पासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदललेत. अर्ज भरताना ते पाहून घ्या. बोलताना आपण 80जीच म्हणणार.)

*

आमच्या मंडळात 300 आजीव सभासद आहेत. बहुतेकांनी 1986-87 साली 501 रुपये भरलेत. पुढच्या चार रांगा त्यांच्याच. नव्या सभासदांना मागे बसावं लागतं आणि ते पुढच्या वर्षी येत नाहीत. आजीव सभासदत्व रद्द करता येईल का?
— कार्यवाह (महिला), नाशिक जिल्हा

तुमच्या पत्रावर मी मनापासून हसले, कारण हे पत्र मीच लिहिलेलं असू शकलं असतं.

रद्द करता येणार नाही, निदान करू नये. त्यांनी त्या वेळी मागितले तेवढे पैसे दिले. चूक आपल्या आधीच्या समितीची. दोन चुका, खरं तर. एक, ते 501 रुपये वेगळे ठेवले नाहीत, त्या वर्षीच्या बिदागीत गेले. दुसरी, ठेवले असते तरी 501वर 7 टक्क्यांनी वर्षाला 35 रुपये सुटतात. आमच्या फळ्यावरच्या हिशोबानं त्या सभासदाची वर्षाची खुर्ची 2,250ची. चहाचे पैसेसुद्धा निघत नाहीत.

हिशोब उलटा करा. वर्षाची वर्गणी 1,500 असेल आणि ती व्याजातून निघायला हवी असेल, तर आजीव वर्गणी 21,000च्या वर हवी. तेवढी कुणी भरणार नसेल तर आजीव सभासदत्व देऊच नका. आम्ही मी खजिनदार झाले त्याच वर्षी बंद केलं.

जुन्यांचं काय केलं ते सांगते. त्या वेळी आमच्याकडे ते 96 होते. मी प्रत्येकाला हातानं पत्र लिहिलं. छापील पत्र लोक वाचत नाहीत. आवाहन वगैरे केलं नाही, फक्त तीन आकडे लिहिले : तुम्ही दिले ते, आज खुर्चीला लागतात ते, आणि मंडळाची त्या वर्षीची तूट. 41 जणांनी आपणहून वार्षिक वर्गणी सुरू केली. एकानं पत्र परत पाठवलं, मागे "हिशोब शिकवू नका" असं लिहून. ते पुढे दर मैफलीला आले आणि पहिल्या रांगेत बसले. आता त्या यादीतले अकरा जण येतात. त्यांना मी स्वतः हात धरून पुढे बसवते; या वयात त्यांना मागून ऐकू येत नाही.

रांगांपुरतं एक करा. घटनेत "राखीव आसन" असा शब्द आहे का पाहा. बहुधा नसतो. सभासदत्व म्हणजे प्रवेश आणि मत, रांग नव्हे. "प्रथम येणाऱ्यास प्राधान्य" असा समितीचा ठराव करा. दोन मैफली कुरकुर होईल.

*

आमच्या अध्यक्षांचं गेल्या वर्षी निधन झालं. बँक म्हणते, धर्मादाय कार्यालयातला चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) आणा, तोवर नव्या सह्या चालणार नाहीत. खातं अडकलंय.
— एक विश्वस्त, अहिल्यानगर

बदल घडल्यापासून 90 दिवसांत कळवायचं असतं. उशीर झाला असेल तर उशीर माफीचा अर्ज सोबत जोडा आणि खरं कारण लिहा. पुढच्यासाठी सांगते, सह्यांचे अधिकार तिघांना द्या आणि त्यातल्या कोणत्याही दोघांच्या सहीवर व्यवहार ठेवा. आणि तिघांपैकी एक तरी साठीच्या आतला असू द्या. हे सभेत बोलायला अवघड जातं. मी सरळ बोलते, माझं स्वतःचं वय सत्तरीच्या पुढे आहे.

*

चाकणच्या एका कंपनीतले अधिकारी आमचे श्रोते आहेत. ते म्हणाले, सीएसआरमधून तीन लाख मिळवून देतो, मंचामागे कंपनीचा मोठा लोगो आणि कार्यक्रमाला कंपनीचं नाव द्या. आम्ही आनंदात आहोत, पण आमचे सीए गप्प आहेत.
— संयोजक, पुणे जिल्हा

सीए गप्प आहेत म्हणजे चांगले आहेत.

सीएसआर म्हणजे 2013च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर टाकलेली जबाबदारी, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के. त्याच्या यादीत कला, संस्कृती आणि वारसा येतात, तेव्हा आपण दारात उभे राहू शकतो. पण स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरलं जात नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलंय. एका संध्याकाळचा सोहळा, बक्षीस समारंभ, मॅरेथॉन असल्या सुट्या कार्यक्रमांनाही ते लागत नाही. कार्यक्रमाला कंपनीचं नाव आणि मागे भिंतभर लोगो म्हणजे जाहिरातच झाली. उद्या त्यांच्या ऑडिटरनं बोट ठेवलं तर ते अधिकारी अडचणीत येतील, आणि एक चांगला श्रोताही तुमच्या हातून जाईल.

दोन वाटा आहेत. लोगो हवा असेल तर त्यांच्या जाहिरात खात्यातून घ्या. बिल द्या, पैसे घ्या, जाहिरात म्हणून जमा दाखवा. तो व्यवहार स्वच्छ असतो, फक्त त्या 20 टक्क्यांकडे लक्ष ठेवा.

सीएसआरच हवा असेल तर मैफल मागू नका, वर्षाचं काम मागा. नगरपालिकेच्या दोन शाळांत आठवड्यातून दोनदा तबला-पेटीचा वर्ग, शिक्षकांचं मानधन, आठ तबलाजोड्या. किंवा तुमच्या कपाटात जुन्या मैफलींच्या स्पूल आणि कॅसेट असतील तर त्यांचं डिजिटायझेशन. आमच्याकडे 1980 नंतरच्या कॅसेट होत्या. एका पावसाळ्यात निम्म्यांना बुरशी लागली आणि कोणत्या बुवांचा कोणता राग गेला याची यादीसुद्धा आमच्याकडे नव्हती. त्या कपाटाच्या दुरुस्तीला कुणी पैसे दिले नसते. "वारसा जतन" म्हटलं असतं तर दिले असते, हे मला फार उशिरा कळलं.

त्यासाठी कागद लागतील. मंडळाची 12ए (संस्थेच्या स्वतःच्या करमाफीची) आणि 80जी नोंदणी, तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव, आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 अर्ज भरून मिळालेला क्रमांक. हे कागद मैफलीच्या घाईत होत नाहीत. गणपती झाले की बसा.

*

माझा पुतण्या न्यू जर्सीला असतो. आमच्या गायन समाजाला 2,000 डॉलर पाठवायचे म्हणतो. खात्याचा नंबर दिला तर चालेल ना?
— सांगली

थांबा. पुतण्याचा पासपोर्ट कोणता ते आधी विचारा.

भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत येत असतील, तर ती परदेशी देणगी नव्हे. पासपोर्टची प्रत फायलीला लावा आणि घ्या. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मूळच्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी कायद्याच्या लेखी तो परदेशी स्रोत. एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी नसताना एक डॉलरही घ्यायचा नाही. आपल्या भारतातल्या खात्यातून रुपयांत पाठवतो म्हणाला तरी नाही. ती नोंदणी मिळायला संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मूळ कार्यावर 15 लाख खर्च केलेली लागते, आणि पैसे फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात येतात. दोन हजार डॉलरसाठी हा व्याप कुणी करू नये. पुतण्याला म्हणावं, डिसेंबरात ये आणि ऐक.

*

आमच्या मंडळाकडे 12 लाख शिल्लक आहेत. एक सभासद गुंठाभर जागा द्यायला तयार आहेत. स्वतःचं सभागृह बांधायचं असं ठरतंय, उरलेले बँकेकडून कर्ज. तुमचं मत?
— कार्याध्यक्ष, कोकण

माझं मत तुम्हाला आवडणार नाही.

वर पलुस्करांचं नाव घेतलं, त्यांचंच पुढचं ऐका. 1908मध्ये ते मुंबईत आले, विद्यालय वाढलं, स्वतःची इमारत बांधली आणि त्यासाठी कर्ज काढलं. कर्ज फिटलं नाही. 1924मध्ये सावकारांनी इमारत लिलावात काढली. त्यांच्याइतका कष्टाळू आणि त्यांच्याइतका नावाजलेला गायक आपल्यात कुणी नाही. तरी भिंती गेल्या आणि शिष्य राहिले. त्या शिष्यांनी 1931मध्ये उभं केलेलं गांधर्व महाविद्यालय मंडळ आजही गावोगाव परीक्षा घेतंय. मंडळानं पैसे कशात घालावेत, याचं मला तरी यात उत्तर दिसतं.

कोरडा हिशोब हवा तर तोही आहे. 12 लाखांवर वर्षाला 84,000 व्याज येतं, ते बांधकामात टाकलं की थांबतं. वर हप्ता, घरपट्टी, वीज, गळती, वॉचमन. आणि तुम्ही वर्षातून सहा संध्याकाळी ते सभागृह वापरणार. बाकीचे दिवस ते लग्न-मुंजींना द्यावं लागेल, मग तुमची मैफल मुहूर्त बघून ठरेल. शाळेचा हॉल 6,000ला मिळतो तोवर घ्या.

तरीही ठरवलंच, तर सार्वजनिक न्यासाला कर्ज काढण्याआधी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, 1950च्या कायद्याचं कलम 36अ. "आधी काढू, मग कळवू" चालत नाही. आणि इमारतीसाठी पैसे साठवायचे असतील तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के त्याच वर्षी खर्च करायचा नियम आडवा येतो. विशिष्ट कामासाठी पाच वर्षांपर्यंत साठवायची सोय आहे, पण तसा अर्ज वेळेत करावा लागतो. कायम निधीच्या देणग्या निराळ्या. देणाऱ्याकडून एक ओळ लिहून घ्या, "ही रक्कम मंडळाच्या कायम निधीत जमा करावी", खाली सही. ती ओळ नसेल तर कर खात्याच्या दृष्टीनं ते साधं उत्पन्न. मी त्या ओळीसाठी एका आजोबांच्या घरी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी ओळ लिहिली आणि रक्कमही वाढवली.

ते 12 लाख आत्ता कुठे आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. माझ्या आधीच्या समितीनं दोन लाख दीड टक्का जास्त व्याजाच्या मोहानं एका पतसंस्थेत ठेवले. संचालकांपैकी एक आमचेच सभासद, चांगले गायचेही. पतसंस्था बुडाली. नऊ वर्षांनी 1,30,000 परत आले, तेही मी दर महिन्याला जाऊन बसले म्हणून. पतसंस्थेच्या ठेवीला विमा नसतो. बँकेत असतो, तोही एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंत. म्हणून आमचे 18 लाख चार बँकांत साडेचार-साडेचार लाख आहेत आणि व्याज दर तिमाहीला बचत खात्यात येतं. चार पासबुकं सांभाळायचा कंटाळा येतो. येऊ दे.

*

काकू, मी 24 वर्षांची आहे. बाबांनंतर आमच्या मंडळाची खजिनदार मला केलंय. कलाकार निम्मं मानधन आगाऊ मागतात. पाऊस किंवा काही झालं आणि कार्यक्रम रद्द झाला तर मंडळानं काय करायचं? आणि साथीदारांचे पैसे मुख्य कलाकाराकडेच द्यायचे का?
— फोंडा, गोवा

अगं, आधी एक : वर धर्मादाय आयुक्त वगैरे जे लिहिलंय तो महाराष्ट्राचा कायदा, तुला लागू नाही. करांचं आणि परदेशी देणगीचं मात्र सगळं लागू.

साथीदारांचे पैसे वेगळे, त्यांच्या नावानं, त्यांच्या खात्यात. मुख्य कलाकाराला आधीच नम्रपणे विचार, "तबला आणि पेटीचं मानधन आम्ही थेट देतो, चालेल ना?" बहुतेकांना चालतं, एक-दोघांना चालत नाही, तेव्हा काय ते तुला कळतं. टीडीएस कापायचा असेल तर तोही आधी सांगायचा. मैफलीनंतर मंचामागे पाकीट उघडल्यावर रक्कम कमी दिसली की पुढची भैरवी आपल्या घरी होते.

आगाऊ द्यावं, पण सगळं पत्रात लिहावं. कार्यक्रम मंडळाकडून रद्द झाला तर आगाऊ रक्कम त्यांची, त्यांच्याकडून रद्द झाला तर परत, दोघांच्याही हातात नसेल तर पुढच्या तारखेला वळती. एवढी तीन वाक्यं पुरतात. मी शिकले ती अशी : 2020 साली आमची पाडव्याची मैफल ठरली होती. पाडवा होता 25 मार्चला, टाळेबंदीचा पहिला दिवस. गायकांना 20,000 आगाऊ गेलेले, हॉलचं भाडं भरलेलं, पत्रिका घरोघर पोचलेल्या. पत्रात यातलं काही नव्हतं. गायकांनी पंधरवड्यात पैसे आपणहून परत पाठवले. हॉलचे आठ महिन्यांनी आले.

तबलजींना आगाऊ काहीच दिलं नव्हतं, तेव्हा परत घ्यायचंही काही नव्हतं. मी नुसती चौकशी करायला फोन केला. ते म्हणाले, "ताई, मे अखेरपर्यंत अकरा कार्यक्रम होते, एकही राहिला नाही." तेवढंच म्हणाले आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

आमच्याकडे तेव्हा राखीव निधी होता, वर्षाच्या वरखर्चाइतका, 60,000. तो मी भांडून भांडून साठवला होता. दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, यातून एक मोठा कलाकार आणू. फोनवर समितीची सभा घेतली आणि त्या वर्षात आमच्याकडे वाजवलेल्या सहा साथीदारांना प्रत्येकी 5,000 पाठवायचं ठरलं. ऑडिटर विचारणार हे मला ठाऊक होतं आणि त्यांनी विचारलंच : कार्यक्रम झाला नाही, मग मानधन कसलं? मानधन नव्हतंच. ठराव आधी लिहिला होता, त्यात "कलाकार साहाय्य" असा शब्द, सहा नावं, रक्कम, आणि हा खर्च मंडळाच्या उद्देशांतल्या "कलावंतांस प्रोत्साहन" या कलमाखाली, असं त्या कलमाच्या क्रमांकासकट. त्यांनी वाचलं आणि पान उलटलं.

तुमच्या घटनेत तसं कलम आहे का ते पाहून ठेव. नसेल तर पुढच्या वार्षिक सभेत घालून घे. त्या ठरावाची प्रत हवी असेल तर पत्ता कळव, पाठवते.